दुसऱ्या धक्क्यावरची सातवी बोट

माणूस चुकत असतो तेव्हा आपण चुकतोय हे त्याला कळतं का? कळलं असतं तर तो चुकला कशाला असता! त्या गुरुवारी सकाळी, सातला दहा कमी असताना, कडक दुसऱ्या धक्क्यावर उभा राहून बोटी मोजत होता, आणि जन्मात कुठलीही गोष्ट त्याने इतक्या जपून मोजली नसेल.

कडक हे त्याचं टोपणनाव. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत तो एकोणीस वर्षं इस्त्रीवर होता. त्याच्या हातची कॉलर अंगातून काढून टेबलावर ठेवली तरी मान ताठ ठेवून बसायची, म्हणून सोबतच्यांनी हे नाव पाडलं. स्वभावाने मात्र तो कडक वगैरे काही नव्हता. कोणी रागावून बोललं की आधी हा माफी मागायचा आणि मग विचारायचा, काय झालं?

ते हॉटेल बंद पडलं. एक्केचाळिसाव्या वर्षी कडक ताईच्या घरी राहायला आला. घर दोन खोल्यांचं. भाचीने आपली खोली मामाला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात ओट्यासमोर गादी टाकली. तिचं परीक्षेचं वर्ष. पहाटे ताई चहा ठेवायला उठली की पोरीला पुस्तकं उचलून भिंतीला सरकावं लागायचं. आठ महिने झाले, एका शब्दाने कोणी काही बोललं नव्हतं, आणि कडकला बोचत होतं ते हेच. बोलायचे ते फक्त भावोजी, आणि तेही हसत.

"मेव्हणे, घराला पाहुणे असतात. पण पाहुण्यांचं रेशनकार्डावर नाव चढवायची वेळ आली की काय?"

"अहो!" ताई आतून.

"गंमत केली गं. बरं, गोदामावर रखवालदाराची जागा आहे. रविवारपासून. तिथेच एक खोली पण देतात. खोली म्हणजे, पत्रा आहे वर."

ही बोटींची गोष्ट काढली भाचीने. श्रीमंत लोकांच्या आलिशान यॉट असतात, म्हणाली, त्यावर वीस-वीस माणसं कामाला, आणि त्यातला एक जण नुसती इस्त्री करतो.

"नुसती?"

"नुसती, मामा. चादरींना, उशांच्या अभ्र्यांना, रुमालांना."

"चादरीवर तर झोपायचं असतं."

"म्हणूनच."

कडकला ते कळलं नाही, पण पोर सांगतेय म्हणजे खरं असणार. त्याने पाच दिवसांचं शिबिर केलं, आग विझवायचं आणि जाकीट घालून तलावात उडी मारायचं. डॉक्टरचा दाखला काढला. भाचीने बायोडेटा लिहिला, पांढऱ्या शर्टातला फोटो लावला. मग रोज सकाळी तो धक्क्यावर. कारण या धंद्यात काम असंच मिळतं. बोटीवरची पोरं सकाळी डेक धूत असतात, तेव्हा बोटीवर चढायच्या फळीच्या या टोकाला उभं राहायचं, हसायचं आणि विचारायचं, "आज रोजावर माणूस हवाय का?" एक दिवस ठेवतात, काम बघतात, पटलं तर कायम.

बाकीचे विचारणारे सगळे विशीतले, उन्हाने भाजलेले, गॉगल कपाळावर. त्यांच्यात कडक उभा राहिला की डेकवरून विचारणा व्हायची, "काका, मुलाचा बायोडेटा आहे का?" तीन आठवडे झाले. शनिवारी बोटी एकेक करून निघणार होत्या, उबेच्या समुद्राकडे. नंतर सहा महिने धक्का रिकामा. म्हणजे शनिवारपर्यंत बोट, नाहीतर रविवारी पत्र्याखालची खोली. तीही कबूल होती म्हणा. पण एकदा त्या गोदामात शिरलो की इस्त्रीवाला कडक संपला आणि कोणाचा तरी मेव्हणा उरला, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बोटींना माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीतही भाचीने त्याचं नाव नोंदवलं होतं. बुधवारी तिथल्या बाईंचा फोन आला.

"उद्या एका बोटीला रोजावर इस्त्रीवाला हवाय. जमलं तर शनिवारी सोबत नेतील. सकाळी सात. दुसरा धक्का."

"बोटीचं नाव?"

"नाव सांगत नाही आम्ही. मालकांना आवडत नाही."

"मग ओळखू कशी?"

"मोजून. फाटकापासून सातवी. पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या आहेत ना तिथे."

"म्हणून तर म्हणते, मोजा."

तर कडक मोजत होता. एक. दोन. तीन. तिसऱ्या बोटीच्या पलीकडे एक छोटी बोट बांधलेली होती. दहाएक माणसं बसतील एवढी, तिला इंजिन होतं, दोन दोर होते, वर कापडी आच्छादन होतं. कडक थांबला. ही मोजायची का? लहान आहे म्हणून सोडून द्यायची? हॉटेलच्या लॉन्ड्रीत मोज्यांची मोजणी करताना लहान मुलांचे मोजे कोणी सोडत नसे. बोट ती बोट. देवाने तरंगवली आहे, आपण कोण वगळणारे! चार, तो म्हणाला. मग पाच, सहा आणि सात.

सातव्या बोटीच्या फळीपाशी एक पोरगा चपट्या बुरशाने फळी घासत होता. कडकने तोंड उघडायच्या आत वरून आवाज आला. "आलात? चला, वर या. बूट टोपलीत, मोबाईल पेटीत."

वर उभ्या होत्या आतल्या कामाच्या मुख्य. त्यांना सगळे चीफ म्हणत होते. केस असे घट्ट बांधलेले की भुवयासुद्धा ताणल्या गेल्या होत्या. कडकने बूट काढले, मोबाईल दिला, आणि प्लास्टिकच्या पाकिटातला बायोडेटा पुढे केला.

"तो मेलवर पाहिलाय. अनुभव चांगला आहे तुमचा."

कडक खूश झाला. भाचीने मेलसुद्धा केला वाटतं. हुशार पोर.

मग जे सुरू झालं ते त्याला दुपारपर्यंत कळलं नाही. चीफने त्याच्या हातात कान साफ करायच्या काड्यांचा डबा दिला.

"जाळ्या."

"कसल्या?"

"हवेच्या. छतातल्या. एकेक फट."

कडकने पहिल्या फटीत काडी फिरवली. काडी पांढरीच बाहेर आली. दुसरी, पांढरी. चाळीस काड्या झाल्या, चाळीसही पांढऱ्या. त्याने शेजारी काच पुसणाऱ्या मुलीला हळूच विचारलं, "हे स्वच्छच आहे, नाही का?"

"हो. काल मीच केलं."

"मग आज?"

"आज तुम्ही करताय."

ती पुढे गेली. काच पुसून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या काचेपासून पुसत होती. एक जण गालिच्यावर मशीन फिरवत मागे मागे सरकत होता, पाऊल उमटू नये म्हणून, आणि शेवटी दारातून बाहेर पडून त्याने खोलीला दोरी लावली. न्हाणीघर विचारायला कडक एका दाराकडे गेला तर ते दार नव्हतं, भिंत होती. जी भिंत वाटली तिच्यातून स्वयंपाकी ताटं घेऊन बाहेर आला. एका खोलीत सोफ्यावर अकरा उशा होत्या आणि शेजारी त्या अकरा उशांचा फोटो, कोणती कशी वळवायची ते दाखवणारा. कडकने एक उशी उचलून पाहिली, परत ठेवली, फोटो पाहिला, पुन्हा वळवली, आणि शेवटी घाबरून हात मागे बांधून उभा राहिला.

इथे राहतं कोण? सबंध सकाळ त्याला मालक दिसला नाही, पाहुणा दिसला नाही. देवळात निदान मूर्ती तरी असते. इथे नुसती पूजाच चालली होती.

आणि इस्त्री? इस्त्रीचं नावही कोणी काढेना. ते त्याला सगळ्यात विचित्र वाटत होतं. पण विचारायचं कसं? कदाचित आधी परीक्षा घेत असतील.

अकराच्या सुमाराला खालच्या मजल्यावर आरडाओरडा झाला. मालकीणबाईंचा एक लांब झगा होता, वरपासून खालपर्यंत बारीक चुण्यांचा. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला त्या तो घालणार होत्या. कोणीतरी तो पेटीत दाबून ठेवला होता आणि चुण्या मोडल्या होत्या. काच पुसणारी मुलगी इस्त्री हातात धरून रडायच्या बेतात होती.

"थांब, थांब, बाळ," कडक म्हणाला, "ती इस्त्री खाली ठेव आधी. चुणीवर इस्त्री टेकवायची नसते."

मग त्याने सुया मागितल्या. कापडाची पट्टी ओली करून पिळली. प्रत्येक चुणी नखाने धरली, सुईने टाचली, आणि इस्त्री वरून अधांतरी धरून नुसती वाफ सोडली. सव्वा तास. मागे माणसं जमत गेली, त्याला पत्ता नव्हता. त्या सव्वा तासात, सकाळपासून पहिल्यांदा, त्याला आपण कुठे आहोत ते नीट कळत होतं.

झगा उचलून धरला तेव्हा चीफनी एका चुणीवरून बोट फिरवलं.

"हे तुमच्या बायोडेटात नव्हतं."

"होतं की. तेच तर आहे त्यात."

त्यांचं लक्ष नव्हतं. "शनिवारी निघतोय आपण. केबिन रिकामी आहे. जेवून घ्या, मग कागदांवर सही करा."

कडकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मनातल्या मनात हात जोडले आणि पेटीतून मोबाईल घेतला, ताईला सांगायला. त्यावर एजन्सीवाल्या बाईंचे अकरा कॉल होते.

"आहात कुठे तुम्ही?" बाई ओरडल्या. "सातपासून वाट बघतायत ते!"

"मी बोटीवरच आहे, बाई. सातव्या. कायम केलं मला."

"कोणी कायम केलं? सातव्या बोटीवरून मला आत्ता फोन आलाय की तुमचा माणूस आला नाही!"

"असं कसं? मी मोजून चढलो. एक, दोन, तीन, मग ती छोटी चार..."

बाईंनी मधेच तोडलं.

"छोटी? ताडपत्री घातलेली?"

"हो."

"अहो, ती टेंडर आहे! मोठ्या बोटीची किनाऱ्यावर ये-जा करायची होडी. ती तिसऱ्या बोटीचीच आहे. तिला कोणी बोट म्हणून मोजतं का? तुम्ही सहावीवर चढलाय!"

कडकला पाय कुठे ठेवावा कळेना. मग सहावीवाल्यांनी त्याला घेतलं कसं? फोन ठेवून त्याने मान वर केली तर समोर टेबलावर कागद मांडलेले, आणि वरच्या कागदावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव. फोटोही दुसऱ्याचा, दाढीवाला. खाली लिहिलं होतं, यॉटवर आतल्या कामाचा सहा वर्षांचा अनुभव. कुठल्या तरी दुसऱ्या एजन्सीने तो दाढीवाला पाठवला होता आणि तो आलाच नव्हता. सातच्या सुमाराला कडक आला. इतकंच.

त्याने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. उचलला भावोजींनी. कडकने भरभर सगळं सांगितलं.

"म्हणजे नोकरी लागली," भावोजी म्हणाले.

"मला नाही, भावोजी. त्या दाढीवाल्याला."

"दाढीवाला आहे का तिथे?"

"नाही."

"तुम्ही खोटं बोललात का?"

"नाही. कोणी विचारलंच नाही."

"मग आता तरी कशाला बोलताय? सही करा. बोट एकदा समुद्रात गेली की तुम्हाला काय पाण्यात उतरवून देणार आहेत?"

पलीकडे झटापट झाली आणि ताईचा आवाज आला. "काय रे, जेवलास का?"

"ताई, मी काय करू?"

"मला त्यातलं काय कळतंय, बाळा? एवढंच सांग, आता दमल्यासारखा बोलतोयस का घाबरल्यासारखा?"

फोन बंद करून कडक कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. आपण चोरी केली नाही. आपण काम केलं, आणि ते काम चांगलं होतं. मग हे आपलं का नाही? पण सही कोणत्या नावाने करायची? स्वतःच्या नावाने केली तर वरचा कागद खोटा, वरच्या नावाने केली तर आपण खोटे. तो दाढीवाला कुठे रस्त्यात पडलेला असला तर? किंवा तोही कुठल्या तरी बोटीवर काड्यांनी जाळ्या पुसत असला तर? कडकच्या डोक्यात असा गुंता झाला की सुटेल असं एकही टोक हाताला लागेना. शेवटी जे एकच टोक दिसत होतं ते त्याने धरलं.

"चीफ," तो म्हणाला, "माफ करा. हा मी नाही."

त्याला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या पांढऱ्या पडल्या. धावत वर गेल्या आणि कप्तानाला घेऊन आल्या. कप्तान उंचापुरा, बाह्यांना एकही सुरकुती नाही, पण कॉलरला डावीकडे इस्त्री नीट बसली नव्हती. एवढ्या धामधुमीतही कडकला ते दिसलं.

"एक अनोळखी माणूस सहा तास माझ्या बोटीवर फिरतोय?" कप्तान त्याच्याशी बोलतच नव्हता, बाकी सगळ्यांशी बोलत होता. "फळीवर कोण होतं? नाव विचारलं नाही? मालकीणबाईंच्या खोलीपर्यंत गेला? कपड्यांना हात लावला?"

"चुण्या बसवल्या साहेब," कडक म्हणाला.

"गप्प बसा."

त्याची पिशवी उपडी केली. बायोडेटाच्या एकोणीस प्रती, पाण्याची बाटली, ताईने दिलेला डबा, एक सुती पट्टी. काच पुसणारी मुलगी काहीतरी बोलायला पुढे झाली, चीफने तिला डोळ्यांनी थांबवलं. दोन मिनिटांत कडक धक्क्यावर होता, अनवाणी. त्याच्या मागून बूट आले, एकामागून एक.

एजन्सीवाल्या बाईंनी फोनवर त्याचं नाव यादीतून काढलं. "सातवीवर जाऊन माफी मागा," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी. आणि मग मला फोन करू नका."

सातवी बोट म्हणजे शेजारचीच. पन्नास पावलं. ती चालायला कडकला बराच वेळ लागला, कारण काय बोलायचं ते दर पावलाला बदलत होतं. फळीच्या टोकाला तो उभा राहिला. हसायचं असतं, तेवढंही जमेना.

या बोटीची कप्तान बाई होती. ठेंगणी, पिकलेले केस, एका गुडघ्याला पट्टा. ती फळीवर बसूनच फोनवर बोलत होती, किंवा नुसती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने कडककडे पाहिलं, त्याच्या अनवाणी पायांकडे आणि हातातल्या बुटांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो, हो. आलाय. इथेच उभा आहे." फोन ठेवला.

"बाई, मी माफी मागायला..."

"शेजारचा कप्तान होता. दहा मिनिटं तुम्हाला शिव्या घालत होता. सगळ्या धक्क्याला सावध करतोय, म्हणाला, एक माणूस बोटींवर शिरतो." तिने गुडघा चोळला. "टेंडर मोजलीत?"

"हो."

"का?"

"बोट होती म्हणून."

ती हसली नाही. नुसतं "हं" म्हणाली.

"मग तुम्ही पकडले गेलात कसे? तेवढं त्याने सांगितलं नाही नीट."

"पकडलं नाही कोणी. कागद पुढे आले, त्यावर दुसऱ्याचं नाव होतं. मी सांगितलं."

"नोकरी देत होते?"

"हो."

"शनिवारी निघायची?"

"हो."

"आणि तुम्हाला हवी होती?"

कडकने मान हलवली.

कप्तानबाईंनी मागे वळून कोणाला तरी हाक मारली, चहा आणायला सांगितला. मग म्हणाल्या, "आमच्या आधीच्या इस्त्रीवाल्याने मालकांचा कोट जाळला. जाळला तर जाळला, मीही जाळला असता. त्याने तो तीन आठवडे गादीखाली लपवला. नंतर कळलं की इस्त्रीची तार उघडी पडली होती आणि तेही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. भर समुद्रात, खाली बावीस माणसं झोपलेली." त्यांनी गुडघ्याचा पट्टा आवळला. "मला जाळणारा चालेल. लपवणारा नको. चुण्यांचं काय ते शेजारचा म्हणत होता?"

"सुयांनी टाचून वाफ द्यायची असते. इस्त्री टेकवायची नाही."

"ते मला सांगू नका, मला कळत नाही त्यातलं. खाली जा. काल सकाळपासूनच्या चादरी पडल्यात."

संध्याकाळी सहाला कडक फाटकाबाहेर आला तेव्हा त्याच्या खिशात एक कागद होता, त्यावर त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि तरीही त्याने तो तीनदा उघडून पाहिला. एका माणसाने चोर म्हणून दहा मिनिटं वर्णन केलं आणि त्यावरून दुसऱ्याने कामावर ठेवलं, असं कधी होतं का? ज्याने हाकललं त्यानेच शिफारस केली म्हणायची की काय? देवाच्या मनात नेमकं काय होतं, आणि मधे त्या दाढीवाल्याचं काय काम होतं? त्याने ताईला फोन लावला.

"लागली, ताई."

"कुठे? त्याच बोटीवर?"

"नाही. शेजारच्या. त्यांनी तिकडून हाकलल्यावर."

"हाकलल्यावर?"

"मलाही नीट कळलं नाही गं. घरी येऊन सांगतो."

"बरं. बोट जाते कुठे?"

"सांगत नाहीत."

"मालक कोण?"

"तेही सांगत नाहीत."

"किती दिवस?"

"पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. मग बघू म्हणाल्या."

मागून भावोजी विचारत होते, पोचायला किती दिवस लागतात. ताईने त्यांना गप्प केलं.

"अरे मग तुला कळलंय तरी काय?"

कडकने विचार केला. "शनिवारी सकाळी सहाला हजर व्हायचं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग चारला उठवते," ती म्हणाली.